पंपहाऊस जागेच्या मापाचं पाहिजे, छापील नको

उन्हाळा लागला की आपल्याकडं तेच भांडण सुरू होतं. उजनी तर भरली होती, मग सोलापूरला चार-चार, पाच-पाच दिवसाआड पाणी का? एक गट म्हणतो उसानं पाणी पळवलं, दुसरा म्हणतो महापालिकेला अक्कल नाही, तिसरा म्हणतो समांतर जलवाहिनी सुरू झाली की सगळं आपोआप सुरळीत होईल, ११० किलोमीटरची लाईन आहे, १७० एमएलडी (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर) पाणी येणार आहे, आता कशाला बोंब मारता. पावसाळ्यात याच गटांचं दुसरं भांडण असतं, हद्दवाढ भागातलं ड्रेनेज तुंबलं त्याचं. तिथंही चर्चा पाईप किती इंची टाकला आणि रस्ता कुणी खोदला यावरच. दोन्ही भांडणांत टीएमसी, किलोमीटर, इंच आणि कोटी हे चार आकडे सोडून पाचवा आकडा येत नाही. ते पाणी उचलतं कोण, किती उंच उचलतं, किती युनिट जाळून उचलतं, हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. पिण्याच्या पाण्याचं असो नाहीतर मैल्याचं, प्रत्येक पंपहाऊस त्या जागेची मापं घेऊन, त्या जागेसाठीच डिझाईन केलं पाहिजे. एका गावाचं ड्रॉइंग उचलून नाव बदलून दुसरीकडं लावायचं आणि सगळ्यात स्वस्त पंप बसवायचा, हे बंद झालं पाहिजे. हे बंद होत नाही तोवर अजून दोन लाईनी टाकल्या तरी नळाला पाणी चार दिवसाआडच येणार.

आधी पंपाचं गणित थोडं बघू, कारण भांडणातला निम्मा घोळ इथंच आहे. पंपाला दोन कामं करावी लागतात. एक म्हणजे पाणी खालनं वर चढवणं, ती उभी उंची, ती बदलत नाही. दुसरं म्हणजे पाईपातनं पाणी ढकलताना होणारं घर्षण, आणि हे पाण्याच्या प्रमाणात वाढत नाही, साधारण वर्गाच्या हिशोबानं वाढतं. दुप्पट पाणी न्यायचं तर घर्षण चौपट. म्हणून त्याच लाईनवर एक पंप चालू असताना दुसरा चालू केला की पाणी दुप्पट येतं हा समज चुकीचा आहे, कधी दीडपट येतं, कधी सव्वापट, लाईन बारीक असेल तर त्याहून कमी. 'अजून एक पंप बसवा की' म्हणणाऱ्या नगरसेवकाला हे कुणीतरी कागदावर काढून दाखवायला पाहिजे. तीच गत व्हीएफडीची, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची. व्हीएफडी लावली की वीज वाचते असं विकणारा सांगतो आणि आपण मान डोलावतो. समजा एका पंपाचा व्हॉल्व्ह बंद असतानाचा जोर १०० मीटर आहे आणि उभी चढाईच ७० मीटर आहे. त्या पंपाचा वेग २० टक्के कमी केला तर जोर ६४ मीटरवर येतो, म्हणजे पाणी वर पोचतच नाही, मोटार फिरते, बिल येतं, टाकी कोरडी. जिथं चढाई कमी आणि लांबी जास्त आहे तिथं हीच व्हीएफडी सोन्यासारखी. वस्तू तीच, जागा वेगळी, निकाल उलटा. म्हणून अमुक वस्तू चांगली की वाईट यावर भांडण्यात अर्थ नाही, आधी ती कुठल्या जागेवर बसणार ते सांगा.

आता उजनीकडं बघा. धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी, त्यातलं ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी मृतसाठा. पूर्ण भरल्यावर पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची वरची पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे शंभर टक्क्यांवरनं शून्य टक्क्यावर येईस्तोवरच पाणी जवळजवळ सहा मीटर खाली जातं, आणि आपल्याकडं गोष्ट शून्यावर थांबत नाही, २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. अशा वेळी पाणी जॅकवेलपासून, म्हणजे धरणातलं पाणी उचलायच्या पंपाच्या विहिरीपासून, मागं सरकतं आणि मग सुरू होतं दुबार पंपिंग. धरणाच्या पाण्यात पंप सोडायचे, ते पाणी उचलून अलीकडं आणायचं, तिथनं जॅकवेलला द्यायचं, आणि पाणी अजून हटलं की तिबार. हा शब्द सोलापूरच्या माणसाला पेपरात वाचून पाठ झालाय, त्याचं कुणाला काही वाटेनासं झालंय. पण विचार करा, जी गोष्ट दुष्काळ आला की दरवेळी घडते ती आणीबाणी कशी? पाण्याची पातळी खाली-वर होणार हे धरण बांधलं तेव्हापासून माहीत आहे, तरी इनटेक ठराविक पातळी धरून बांधायचा आणि पाणी हटलं की घाईघाईनं पंप भाड्यानं आणायचे, त्याची तातडीची मंजुरी, तातडीचं टेंडर. पाणी दोनदा-तीनदा उचलायचं आणि प्रत्येक टप्प्याला वीज द्यायची. आणि याच जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, गावंच्या गावं पाण्यात गेली. एका वर्षी पाणी जॅकवेलपर्यंत पोचत नाही आणि पुढच्या वर्षी नदीकाठच्या मोटारी पाण्याखाली जायची भीती. अशा मुलखात एकच पातळी धरून काढलेलं ड्रॉइंग चालतं असं म्हणणाऱ्यानं हे मुलूख बघितलेलंच नाही.

यावर कुणी म्हणेल एवढा पुढचा विचार आपल्या लोकांना कुठं जमतोय. आपल्याच शिवारात जमलाय. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७० च्या आसपास पूर्ण झाला, त्याला कालवे काढले तीन. एक खालच्या पातळीवरनं, बारमाही चालणारा, आणि दोन वरच्या पातळीवरचे, तलाव भरलेला असेल तेवढे पावसाळी महिने चालणारे. पातळी उतरणार हे धरूनच कामाची आखणी झाली होती. तिकडं विजापूरला जा, शंभरेक किलोमीटरवर. आदिलशहांनी तोरवीकडनं, नंतर १६५१ मध्ये बांधलेल्या बेगम तलावातनं शहरात मातीच्या नळांनी पाणी आणलं आणि वाटेत जागोजागी 'गुंज' म्हणजे दगडी मनोरे उभे केले, पाण्याचा दाब त्यात मोकळा व्हावा, गाळ खाली बसावा, नळ फुटू नयेत म्हणून. ते मनोरे आजही उभे आहेत, कुणीही जाऊन बघू शकतो. त्यांच्याकडं प्रेशर गेज नव्हतं, सॉफ्टवेअर नव्हतं. जमिनीचा उतार बघून, कुठं दाब वाढतो ते ओळखून बांधलं. मोठं उदाहरण पाहिजे असेल तर लंडन घ्या. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या घाणीनं पार्लमेंटमध्ये बसणं अवघड झालं तेव्हा बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरकडं काम गेलं. त्यानं सगळा मैला एकत्र करून एका ठिकाणी पंप लावला नाही. उंच भागाचं, मधल्या भागाचं आणि सखल भागाचं ड्रेनेज वेगळं केलं. ॲबी मिल्सला उंच आणि मधल्या भागाचं पाणी उतारानं निघून जायचं आणि सखल भागाचं तेवढं १८६८ पासून तिथलं पंपहाऊस उचलायचं. जे आपसूक वाहतंय ते कशाला उचलायचं? एवढा साधा प्रश्न आपल्या किती डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात, विचारलेला असतो?

आता समोरची बाजू. ती कच्ची नाही, म्हणून नीट घेतो. पहिला मुद्दा भ्रष्टाचाराचा. 'जागेनुसार डिझाईन' म्हटलं की सल्लागार एका कंपनीच्या कॅटलॉगमधली मापं स्पेसिफिकेशनमध्ये घुसवतो, मग टेंडरला तीच कंपनी बसते, बाकीचे बाद. छापील ड्रॉइंग आणि दरसूचीतले ठरलेले दर असले की निदान ऑडिटरला तपासता येतं. हे शंभर टक्के खरं आहे, असं होतं, मीही होताना बघितलंय. पण छापील पद्धतीत पैसे खाल्ले जात नाहीत असं कुणी छातीठोक सांगेल का? उलट छापील ड्रॉइंगमध्ये चोरी लपते, कारण हा पंप एवढा मोठा का, याचं उत्तर 'स्टँडर्ड आहे' एवढंच मिळतं. जागेवरच्या मापातनं आलेल्या डिझाईनमध्ये प्रत्येक आकड्याला बाप असतो. पातळी कुठली धरली, लाईनची लांबी किती, आज किती माणसं, वीस वर्षांनी किती. आकडा खोटा असेल तर पकडता येतो. कंपनीचं नाव, मॉडेल न लिहिता एवढं पाणी, एवढी उंची, एवढी किमान कार्यक्षमता आणि एवढ्या जाडीचा कचरा अडकता कामा नये, असं लिहिता येतंच की. मग दहा कंपन्या बसू देत टेंडरला.

आणि पैसा खरा कुठं जातो ते बघा. १००० लिटर पाणी १०० मीटर उचलायला काहीच वाया गेलं नाही तरी ०.२७ युनिट वीज लागते. समजा रोज १०० एमएलडी पाणी १०० मीटर उचलायचं आहे. पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता ७० टक्के असेल तर दिवसाला जवळपास ३९ हजार युनिट लागतात, ६० टक्के असेल तर ४५ हजारांच्या वर. फरक रोज साडेसहा हजार युनिटचा, ७ रुपये युनिट धरला तर वर्षाला दीड कोटीहून जास्त. हा फक्त दहा टक्क्यांचा फरक आहे आणि पंप पंधरा-वीस वर्षं चालतो. टेंडर उघडताना आपण एल-वन म्हणजे सगळ्यात कमी बोली बघतो, कुणाचा पंप वीस लाखांनी स्वस्त, आणि टाळ्या वाजवतो. ते वीस लाख दोन महिन्यांच्या आत वीजबिलात परत जातात आणि नंतर वीस वर्षं जातच राहतात, पण ते वेगळ्या खात्यातनं जातात म्हणून त्याचा जाब कुणाला विचारला जात नाही.

हे कसं घडतं ते एखाद्या पंपहाऊसमध्ये जाऊन डोळ्यांनी बघा. आत गेल्यावर पहिलं डिलिव्हरीच्या स्लुइस व्हॉल्व्हकडं बघायचं. चाक अर्धं बंद असतं, कुणी फिरवू नये म्हणून त्याला तार किंवा साखळी गुंडाळलेली असते, शेजारच्या प्रेशर गेजचा काटा कधीचा मेलेला, काचेवर ग्रीस. ऑपरेटरला विचारलं तर तो सांगेल, साहेब पूर्ण उघडला की मोटार गरम होते, ॲम्पिअर वर जातात. तो बरोबर सांगतो. पंप गरजेपेक्षा मोठा आहे. इंजिनिअरनं हिशोब करून आलेल्या हेडवर, म्हणजे लागणाऱ्या जोरावर, वरनं थोडं धरलं, सल्लागारानं त्यावर अजून दहा टक्के, कंपनीनं आपल्या गॅरंटीसाठी अजून थोडं, आणि शेवटी कॅटलॉगमध्ये होता तो पुढचा मोठा पंप आला. आता तो मोठा पंप जास्तीचा जोर तयार करतो आणि तो अर्धा बंद व्हॉल्व्ह तोच जोर मारून टाकतो. वीज देऊन दाब तयार करायचा आणि लोखंडी पडद्यावर आपटून घालवायचा, रोज, वीस वर्षं. त्या ऑपरेटरचा यात काय दोष?

दुसरा मुद्दा स्पेअर पार्टचा, आणि हा मला सगळ्यात वजनदार वाटतो. दहा पंपहाऊसला दहा प्रकारचे पंप लावले तर रात्री दोन वाजता बेअरिंग गेल्यावर आणायचं कुठनं? आपल्या फिटरला एका जातीचा पंप डोळे झाकून उघडता येतो, नवीन काही आलं की कंपनीचा माणूस पुण्याहून येईस्तोवर शहर कोरडं. मान्य. पण सोलापूरच्या माणसाला हे समजवायला युनिफॉर्मच्या कारखान्याइतका सोपा दाखला नाही. कापड एक, रंग एक, बटण एक, शिलाई एक, तरी पहिलीच्या पोराला आणि दहावीच्या पोराला एकाच मापाचा शर्ट कुणी देत नाही. पंपहाऊसचं तसंच आहे. पॅनेल, स्टार्टर, व्हॉल्व्ह, बेअरिंग, सील, केबल एकाच ठरलेल्या जातीचं ठेवा, जरूर ठेवा, स्टोअरमध्ये साठा करा. संप म्हणजे पाणी साठायचा खालचा हौद किती खोल, पंप किती आणि किती मोठे, सक्शन कुठं, मोटारीचा मजला पुराच्या रेषेच्या किती वर, हे मात्र त्या जागेनं ठरवायचं. कारखान्यातनं तयार होऊन येणाऱ्या फायबरच्या पॅकेज पंपहाऊसलाही माझा विरोध नाही, काळ्या मातीत आणि खाली मुरूम-खडकात महिनोन् महिने खड्डा उघडा ठेवण्यापेक्षा ते बरं, फक्त आतलं माप आपलं असू दे.

ड्रेनेजमध्ये हे छापील प्रकरण जास्त घातक आहे, आणि त्यावर जवळजवळ कुणीच बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाणी-ड्रेनेजचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या मॅन्युअलप्रमाणं माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला येतं असं धरायचं. दहा हजार वस्तीचा भाग घेतला तर दिवसाला १० लाख ८० हजार लिटर, म्हणजे सरासरी सेकंदाला साडेबारा लिटर. लहान वस्तीला गर्दीच्या वेळेसाठी तिप्पट धरायचं, म्हणजे साडेसदतीस लिटर. या आकड्यावर पंप निवडला जातो. पुस्तक चुकीचं नाही. पण हे सगळं गृहीत धरतं की नळाला रोज पाणी येतं. आपल्याकडं? ज्या दिवशी पाणी सुटतं त्या दिवशी अख्खी गल्ली एकदम कामाला लागते, चार दिवसांचे कपडे, चादरी, भांडी, हौद धुणं, अंगण धुणं, सगळं त्या चार-सहा तासांत. पुढचे तीन-चार दिवस बॅरलमधलं पाणी तांब्या-तांब्यानं पुरवून वापरायचं. म्हणजे ड्रेनेजला एक दिवस लोंढा आणि बाकी दिवस जेमतेम धार. पाईपात मैला वाहून जायला पाण्याला सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग लागतो, बाकीच्या दिवशी तो मिळत नाही, घाण तळाला बसते, संपमध्ये सडते, त्यातनं हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो काँक्रीट खातो आणि माणूसही मारतो. मग पाण्याच्या दिवशी लोंढा आला की बसलेली सगळी घाण एकदम पंपावर. पंप जाम, चेंबर वर, रस्त्यावर मैला. त्यात ही टॉवेल-चादरीची वस्ती, सुताचे धागे, चिंध्या, कापसाचे पुंजके ड्रेनेजमध्ये जातात आणि इम्पेलरला, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाला, दोरखंडासारखे गुंडाळतात, शिवाय गुटख्याच्या पुड्या. अशा ठिकाणी साडेसदतीस लिटरचे दोन एकसारखे पंप बसवण्यापेक्षा एक लहान आणि दोन मध्यम असे बसवले, कचरा गिळून पुढं जाईल असा इम्पेलर घेतला, संपचा तळ उताराचा केला तर फरक पडेल का नाही? कुठल्या पेठेत कुठल्या दिवशी पाणी सुटतं याचं वेळापत्रक महापालिकेकडंच असतं. ड्रेनेजचं डिझाईन करणाऱ्यानं ते मागितलंय असं कधी ऐकलंय?

आणि जाम झालेला पंप काढायला खाली कोण उतरतं? इथं मला शांतपणे लिहिता येत नाही. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं गुन्हा आहे, सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये मृताच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ते ३० लाख केले. भरपाई वाढत गेली, माणसं उतरायची थांबली नाहीत. याचं एक कारण बांधकामातच आहे. पंप दोन गाईड रेलवर बसवला, खाली आपोआप जोडला जाणारा कपलिंग दिला, वर चेनब्लॉक ठेवला, तर कुणीही खाली न उतरता पंप वर ओढून साफ करता येतो. कचऱ्याची जाळी बादलीसारखी वर काढता येईल अशी करता येते. व्हॉल्व्ह संपच्या बाहेर वेगळ्या चेंबरमध्ये ठेवता येतात. हे सगळं डिझाईनच्या टेबलावर ठरतं. तिथं पाच-सात लाख वाचवले की पुढं तो खड्डा माणसाची वाट बघत बसतो. पंपहाऊसचं ड्रॉइंग मंजूर करणाऱ्यानं सहीच्या आधी एवढंच विचारावं की पंप अडकला तर कोण उतरणार. उत्तर 'आपला माणूस' असेल तर ड्रॉइंग परत पाठवावं.

तिसरा आक्षेप गळतीचा. पंप कितीही भारी लावा, वाटेत लाईन फुटलेली, चोरीची कनेक्शनं, उंच टाक्या कमी, मग उपयोग काय? खरं आहे, नुसत्या पंपानं रोज पाणी येणार नाही आणि तसं मी म्हणतही नाही. पण लाईनी फुटतात का, हेही विचारा. जमिनीचा ताण, जुना पाईप, रस्त्याचं काम, ही कारणं आहेतच, आणि एक कारण पंपहाऊसमध्ये आहे. लाईट गेली की पंप झटक्यात थांबतात, पाईपातलं पाणी मात्र पळत असतं. ते थांबताना दाबाची लाट तयार होते. पोलादी लाईनमध्ये सेकंदाला एक मीटरनं जाणारं पाणी एकदम थांबलं तर साधारण १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब उसळतो, आधीच्या दाबावर अजून वरनं. अशी लाट महिन्यातनं कितीदा बसते ते महावितरणच्या ट्रिपिंगवर अवलंबून. एअर व्हेसल, हवेचे व्हॉल्व्ह, हळू बंद होणारे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हे सगळं त्या लाईनचे चढउतार बघून बसवावं लागतं, दुसऱ्या लाईनची यादी इथं चालत नाही. आणि दाब नीट नसला की लोक काय करतात ते आपल्या घरी बघा, नळालाच मोटार लावतात, शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं आणि फुटलेल्या जोडातनं गटाराचं पाणीही आत येतं. पुढं गॅस्ट्रोची साथ, मग पुन्हा महापालिकेवर मोर्चा.

शेवटचा आक्षेप वेळेचा. केंद्राच्या अमृत योजनेचा निधी आलाय, मुदत संपेल, मोजमापं करत बसलो तर पैसे परत जातील. यात दम आहे, आणि घाई नेहमी वरनंच येते. पण मोजायला डीपीआर मंजूर व्हायची वाट कशाला बघायची? आत्ता चालू असलेल्या प्रत्येक पंपहाऊसवर एक फ्लो मीटर, एक चालू प्रेशर गेज आणि संपमध्ये पातळी नोंदवणारं यंत्र बसवायला निधीची वाट बघावी लागत नाही. सोलापुरात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, वालचंदसारखं १९८३ पासूनचं कॉलेज आहे, शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात. त्यांना टाकळी, सोरेगाव, पाकणी, देगाव, कुमठे, प्रतापनगर ही पाण्याची आणि मैल्याची केंद्रं वाटून द्या. दर एमएलडीला किती युनिट जळतात ते दर महिन्याला झोन ऑफिसच्या बोर्डावर लावा, म्हणजे पुढच्या भांडणात टीएमसीच्या जोडीला तोही आकडा येईल. एक उन्हाळा आणि एक पावसाळा एवढी नोंद हातात आली की हद्दवाढ भागातल्या ड्रेनेजचं टेंडर काढा, आणि त्या टेंडरमध्ये पंपाच्या किमतीशेजारी त्याचं वीस वर्षांचं वीजबिल लिहायला लावून दोन्हीची बेरीज ज्याची कमी त्यालाच काम द्या.